आन्येस वार्दा: थांबलेलं चित्र आणि चालता काळ

१९५४ साली आन्येस वार्दा २६ वर्षांची झाली. त्या एका वर्षात तिनं तीन कामं केली. मे महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एक फोटो काढला: समुद्राकडे तोंड करून उभा असलेला नग्न पुरुष, जरा अलीकडे गोट्यांवर बसलेलं लहान पोर आणि अगदी पुढे मरून पडलेली बकरी. जूनमध्ये पॅरिसच्या १४व्या विभागात, रू दागेर या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या अंगणात भिंतींवर आणि खिडक्यांच्या झडपांवर फोटो टांगून पहिलं प्रदर्शन भरवलं. आणि उन्हाळा सरता सरता दक्षिणेतल्या सेत या बंदरगावी जाऊन आपला पहिला चित्रपट चित्रित केला. पोटापाण्याचं काम वेगळंच होतं. झाँ व्हिलार या मोठ्या रंगकर्मीच्या सरकारी नाट्यसंस्थेची ती अधिकृत छायाचित्रकार होती. नाटक, फोटो, सिनेमा आणि प्रदर्शन या चारही गोष्टी तेव्हाच तिच्या हाताशी आलेल्या होत्या. पुढच्या ६५ वर्षांत तिनं त्यांतली एकही खऱ्या अर्थानं सोडली नाही.

तिच्या कारकिर्दीची कथा बहुतेक वेळा तीन टप्प्यांत सांगितली जाते. आधी फोटोग्राफर, मग चित्रपट दिग्दर्शक, आणि पंचाहत्तरीला आल्यावर कलादालनांत मांडण्या करणारी दृश्यकलाकार. आपण जुनी सिनेमावाली आणि नवखी कलाकार आहोत, असं तीही सांगत असे. सांगायला ही विभागणी सोयीची आहे, पण त्यामुळे दिशाभूल होते असं माझं ठाम मत आहे. वार्दाचं सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं: थांबलेल्या चित्रात काय काय दडलेलं असतं, आणि त्यात काळ सोडला की त्यातून काय उलगडतं? माध्यमं बदलली ती या प्रश्नासाठी. कधी नाइलाजानंही बदलली, कारण चित्रपटाला पैसे मिळेनात. हा नाइलाज विसरून तिच्या बहुरूपीपणाचं नुसतं कौतुक करणं म्हणजे तिच्या कष्टांवर अन्याय आहे.

नाटकापासूनच सुरुवात करायला हवी, कारण तिच्यावर लिहिणारे तेच सगळ्यात कमी पाहतात. वार्दाचा जन्म ३० मे १९२८ रोजी ब्रसेल्सच्या इक्सेल भागात झाला. वडील ग्रीक, आई फ्रेंच. घरचं नाव आर्लेत. ते बदलून तिनं अठराव्या वर्षी आन्येस करून घेतलं. १९४० साली युद्धामुळे हे कुटुंब बेल्जियम सोडून सेतला आलं आणि तिथे बोटीवर राहिलं. व्हिलार मूळचा सेतचा, आणि त्याची बायकोही तिथल्याच श्लेगेल कुटुंबातली. त्या घरच्या मुली वार्दाच्या मैत्रिणी होत्या. या घरोब्यातून १९४८ साली ती आव्हिन्योंच्या नाट्यमहोत्सवात कॅमेरा घेऊन पोचली. पॅरिसमध्ये तिनं एकोल द्यु लुव्रमध्ये कलेचा अभ्यास केला होता आणि फोटोग्राफीचं रीतसर प्रमाणपत्रही मिळवलं होतं. १९५१ मध्ये व्हिलारकडे थेआत्र नास्योनाल पोप्युलेरची सूत्रं आली. जनसामान्यांना परवडेल असं, उत्तम दर्जाचं नाटक देणारी ही संस्था. पुढची दहा वर्षं तिथले फोटो वार्दानं काढले. जेरार फिलीपची राजपुत्राच्या वेशातली जी छबी फ्रान्सच्या मनात घर करून राहिली आहे, ती घडवण्यात वार्दाच्या फोटोंचा मोठा वाटा आहे.

व्हिलारच्या रंगमंचावर जड नेपथ्य नसे. मोकळी, काळोखी जागा, रंगीत वेश, नेमका प्रकाश आणि माणूस. तीन तासांच्या प्रयोगातून असा एक क्षण उचलायचा, की जाहिरातीच्या भिंतीसमोरून जाणाऱ्याला अख्ख्या नाटकाचा अंदाज यावा, हे नाटकाच्या फोटोग्राफरचं काम. रिकाम्या जागेत दोन माणसं कशी उभी करायची, कोणाचा चेहरा समोर आणि कोणाचा बाजूनं ठेवायचा, हे वार्दा तिथे शिकली. पहिल्या चित्रपटात हे सगळं लख्ख दिसतं. ‘ला प्वँत कूर्त’मध्ये पडत्या लग्नाबद्दल बोलणारं एक जोडपं आहे. फिलिप न्वारे आणि सिल्विया मोंफोर हे दोघंही व्हिलारच्या नाटकमंडळीतले. एका चौकटीत तिचा चेहरा पूर्ण समोर आहे आणि त्याला अर्धा झाकणारा त्याचा चेहरा बाजूनं. बारा वर्षांनी बर्गमनच्या ‘पर्सोना’त असेच दोन चेहरे एकमेकांत मिसळतात आणि त्याची जगभर चर्चा होते. वार्दाकडे ही चौकट नाटकाच्या फोटोंतून आली होती.

त्या चित्रपटाची रचनाही धाडसाची होती. एका पदरात हे जोडपं, दुसऱ्या पदरात ला प्वँत कूर्त वस्तीतले खरेखुरे कोळी, त्यांची जाळी, आरोग्य खात्याच्या माणसांची भीती, गेलेलं पोर. दोन्ही पदर आलटून पालटून येतात, पण एकमेकांत गुंतत नाहीत. ही कल्पना तिनं फॉकनरच्या ‘द वाइल्ड पाम्स’ या कादंबरीवरून घेतली होती. तोवर तिनं चित्रपट फारच थोडे पाहिले होते. चित्रपटाचं संकलन करणारा आलँ रेने तिला व्हिस्कोन्तीची, अंतोनियोनीची आठवण करून देई, आणि तिनं ती नावं ऐकलेलीही नसत. पैसा नव्हताच. कलाकार आणि तंत्रज्ञांनी पगाराऐवजी चित्रपटात हिस्सा घेतला. निर्मितीसाठी तिनं स्वतःची छोटी कंपनी काढली. तीच पुढे सिने-तामारीस झाली. ही कंपनी नसती, तर आज आपण ज्या वार्दाबद्दल बोलतो ती घडलीच नसती, असं मला वाटतं.

जानेवारी १९५६ मध्ये पॅरिसच्या एका छोट्या चित्रपटगृहात हा सिनेमा लागला. त्रूफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ यायला अजून तीन वर्षं होती, गोदारचा ‘ब्रेथलेस’ यायला चार. पुढे इतिहासकारांनी या नव्या फ्रेंच चित्रपट-चळवळीचा हिशेब मांडला आणि तिला ‘न्यू वेव्हची आजी’ ही पदवी दिली, तिची तिशी नुकती उलटली असताना. पदवी प्रेमानं दिलेली, पण तिच्यातून झालेलं नुकसान दीर्घकाळ टिकलं. गोदार आणि त्रूफो यांची चर्चा त्यांच्या शैलीवरून व्हायची, हिची चर्चा नात्यावरून. आधी चळवळीची आजी, मग दिग्दर्शक झाक देमीची बायको, शेवटी सगळ्या जगाची लाडकी म्हातारी.

१९६२ सालचा ‘क्लेओ ५ ते ७’ हा तिचा सगळ्यात गाजलेला चित्रपट, आणि तो गाजला ते रास्तच झालं. क्लेओ ही गायिका. कॅन्सरच्या तपासणीचा निकाल संध्याकाळी मिळायचा आहे, आणि तोपर्यंतचा वेळ तिला काढायचा आहे. दिवस २१ जून, वर्षातला सगळ्यात मोठा. चित्रपट चालतो दीड तास, आणि क्लेओचा वेळही पाच ते साडेसहा असा तेवढाच. प्रकरणांच्या मथळ्यांत मिनिटं लिहिलेली आहेत, रस्त्यावरची घड्याळं कधी दिसतात तर कधी नुसतीच ऐकू येतात. पहिली टॅरोची पानं रंगीत आणि मग सगळं कृष्णधवल. इथवरचं प्रत्येक समीक्षक सांगतो. मला महत्त्वाचा वाटतो तो मधला सांधा. पहिल्या अर्ध्या भागात क्लेओ म्हणजे बघण्याची वस्तू. आरशासमोरची, टोप्यांच्या दुकानातली, पलंगावरची. मग एक गाणं गाता गाता तिच्या मनात काहीतरी तुटतं. ती डोक्यावरचा केसांचा टोप उपटून काढते, काळा पोशाख घालते आणि एकटीच बाहेर पडते. तिथून पुढे तीच बघू लागते. रस्त्यात जिवंत बेडूक गिळणारा माणूस, कॅफेतले अनोळखी चेहरे. कॅफे ल दोममध्ये ती आपलीच तबकडी लावते आणि कोणी कान देत नाही. त्या चेहऱ्यांचे झटपट येणारे तुकडे पाहताना कळतं, की ही फोटोग्राफरची नजर आहे. जिचा फोटो काढला जात होता, तिच्याच हाती कॅमेरा आल्यासारखं वाटतं. पुढे माँसुरी बागेत भेटणारा सैनिक अल्जीरियाच्या युद्धावर परत निघालेला आहे, म्हणजे मरणाची भीती तिची एकटीची नाही. त्या सैनिकाचं काम केलं आंत्वान बुर्सेयेनं. तो नट आणि नाट्यदिग्दर्शक, आणि वार्दाच्या मुलीचा, रोझालीचा, पिता.

यानंतरच्या एका लघुपटाकडे अभ्यासक फारसे वळत नाहीत. १९६२च्या अखेरीस वार्दा क्यूबाला गेली. तिथे तिनं हजारो फोटो काढले, आणि परत आल्यावर त्यातल्या दीड हजारांहून अधिक फोटोंना चित्रपटाच्या कॅमेऱ्याखाली मांडून ‘साल्यु ले क्युबँ’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट केला. त्यात गायक बेनी मोरे नाचतो. एकही हलतं चित्र नाही, फक्त लागोपाठचे स्थिर फोटो, ठेक्यावर कापलेले. तरीही त्याचे खांदे उडतात, पावलं थिरकतात. चित्रपट पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी १९६३ मध्ये, मोरे वारला. त्याच सुमारास तिचा मित्र क्रिस मार्कर यानं ‘ला जते’ हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर फोटोंतूनच घडवला होता. मार्करचे फोटो गेलेल्या काळाचा शोक करतात. वार्दाचे फोटो गेलेल्या माणसाला नाचवतात. मार्करच्या चित्रपटाला जगात मोठं नाव मिळालं आणि याला मिळालं नाही, याची मला खंत वाटते.

‘ल बॉनर’ म्हणजे ‘सुख’, १९६५ सालचा. या चित्रपटावरचा वाद आजही मिटलेला नाही. सुखी सुतार, सुखी बायको, गोड मुलं, रविवारची रानातली सहल आणि मोत्सार्टचं संगीत. सुताराचं दुसऱ्या मुलीवर प्रेम जडतं. तो बायकोला सगळं खरं सांगतो, आणि त्याच दुपारी बायको बुडून मरते. मग ती दुसरी या घरात येते, आणि पुन्हा तेच सुख, तीच सहल, फक्त ऋतू शरदाचा. सुतार, त्याची बायको आणि मुलं म्हणून वार्दानं ज्याँ-क्लोद द्रुओ या नटाचं खरं कुटुंबच उभं केलं होतं. चित्रपटाला बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळालं. स्त्रीवादी वाचकांपैकी काहींना त्यात पुरुषाची बाजू घेतल्यासारखं वाटलं. माझ्या मते तिनं यापेक्षा कठोर चित्रपट केलेला नाही. कणीक मळणारे, इस्त्री करणारे, मुलांना झोपवणारे हात ती जवळून दाखवते. आधी एका बाईचे, मग दुसरीचे. हात बदलतात, कामं बदलत नाहीत. निषेधाचं एक वाक्यही कोणाच्या तोंडी नाही, आणि घराला बाई लागते, कोणतीही चालते, ही भयंकर गोष्ट पिवळ्याधमक सूर्यफुलांच्या रंगांत सांगून होते.

पुढचा ‘ले क्रेआत्युर’ पडला. कात्रिन दन्यव्ह आणि मिशेल पिकोली असे मोठे कलाकार असूनही पडला. देमीबरोबर ती अमेरिकेला गेली. तिथले ‘ब्लॅक पँथर्स’सारखे लघुपट आणि पुढच्या अमेरिकावारीतला लॉस एंजेलिसच्या भित्तिचित्रांवरचा ‘म्युर म्युर’ हे आवर्जून पाहावेत. ‘लायन्स लव्ह’मध्ये मात्र काळाचा वास फार आहे. १९७१ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ३४३ स्त्रियांनी जो जाहीरनामा काढला, त्यावर तिची सही होती. त्याच लढ्यातून आलेला १९७७ चा ‘ल्यून शाँत, लोत्र पा’ हेतूनं मोठा आहे. चित्रपट म्हणून त्यातली गाणी मला विषयाला हलकं करून टाकणारी वाटतात.

मधला एक माहितीपट मात्र थांबून पाहावा असा आहे. १९७२ मध्ये मुलगा माथ्यु झाला. पोर लहान, घर सोडता येईना. जर्मन दूरचित्रवाणीसाठी काम करायचं होतं. वार्दानं घरातल्या मीटरमधून विजेची ८०-९० मीटरची तार बाहेर काढली आणि ठरवलं, की ही तार पोचेल तिथपर्यंतच शूटिंग करायचं. त्यातून १९७५ साली ‘दागेरेओतीप’ घडला, रू दागेरवरच्या दुकानदारांचा. बेकरीवाला, खाटीक, शिंपी, घड्याळजी आणि अत्तराच्या जुनाट दुकानातलं एक वयस्क जोडपं. त्या जोडप्यातली बाई दिवस मावळला की अस्वस्थ होते, दारापर्यंत जाते आणि परत फिरते. नवरा काउंटरमागे उभा. कॅमेरा नुसता बघत राहतो. गिऱ्हाईक येतं, बटण विकत घेतं, जातं. शेवटी हे सगळे आपापल्या दुकानात कॅमेऱ्यासमोर स्तब्ध उभे राहतात, १९व्या शतकातल्या माणसांना फोटोसाठी उभं राहावं लागे तसे. आणि ही गल्ली ज्याच्या नावाची, तो दागेर म्हणजे फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक. अडचणीतून पद्धत कशी जन्माला येते, ते शिकवायला चित्रपटाच्या शाळांत हा माहितीपट आवर्जून दाखवावा. वार्दाचे बहुतेक चांगले चित्रपट असेच, कशाची तरी कमतरता असताना घडले आहेत.

१९८२ साली ती नॉर्मंडीच्या त्या जुन्या फोटोकडे परत गेली. फोटोतल्या मुलाचं नाव युलिस, आणि चित्रपटाचंही नाव तेच ठेवलं. २८ वर्षांनी फोटोतला माणूस तिनं शोधला. त्याला आपले त्या काळातले कपडे आठवतात, पण तो दिवस आठवत नाही. मुलगा आता मोठा बाप्या झालेला. लहानपणी त्यानं हाच फोटो बघून चित्र काढलं होतं, ते वार्दा त्याच्या हातात देते. त्याला काहीही आठवत नाही. आठवतं ते त्याच्या आईला, कारण तेव्हा पोर आजारी होतं. वार्दा एका बकरीलाही फोटो दाखवते, आणि बकरी तो चावून खाते. वीस-बावीस मिनिटांत फोटोबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान येऊन जातं. फोटो पुरावा आहे की कल्पना? बघणारा त्यात स्वतःचं किती ओततो? या छोट्या चित्रपटाला सेझार पुरस्कार मिळाला. पाठोपाठ ‘एका फोटोसाठी एक मिनिट’ अशा अर्थाच्या नावाखाली तिनं दूरचित्रवाणीसाठी १७० छोटे भाग केले. रोज रात्री एक फोटो, त्यावर कोणाचं तरी बोलणं, आणि फोटो कोणी काढला ते शेवटी. स्थिर चित्राकडे निवांत बघायला तिनं एका देशाला लावलं, तेही दूरचित्रवाणीवर.

तिची खरी उंची दिसते ती १९८५ च्या ‘सां त्वा नी ल्वा’मध्ये. नावाचा अर्थ ‘ना छप्पर, ना कायदा’, आणि जगभर हा चित्रपट ‘व्हॅगाबाँड’ म्हणून ओळखला जातो. सुरुवातीलाच द्राक्षमळ्याजवळच्या चरात थंडीनं गोठून मेलेली मोना नावाची मुलगी सापडते. म्हणजे सुरुवात पुन्हा एका थांबलेल्या चित्रानं. मग जे जे तिला भेटले, ते आठवून आठवून सांगतात. कोणाला तिचा हेवा वाटला, कोणाला किळस आली, कोणी तिचा फायदा घेतला, कोणी काही केलं नाही. साँद्रिन बोनेर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची. मोना कोणाचे आभार मानत नाही, तिच्या अंगाला वास येतो, आणि प्रेक्षकाला आवडेल असं काही ती करत नाही. अधूनमधून कॅमेरा उजवीकडून डावीकडे सरकत जातो, फ्रेंच वाचनाच्या उलट दिशेनं. चालती मोना चौकटीत येते आणि मागे पडते, आणि कॅमेरा जाऊन एखाद्या जुन्या अवजारावर किंवा खांबावर थांबतो. पुढचं असंच दृश्य तशाच वस्तूवरून सुरू होतं. मधे कितीही वेळ गेला तरी मोनाचं चालणं तुटत नाही, आणि तिच्याबद्दल आपल्याला काही कळल्याचा भ्रमही होत नाही. चित्रपटाला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला, बोनेरला सेझार. फ्रान्समध्ये प्रेक्षकांनीही गर्दी केली. वार्दाच्या वाट्याला असं यश फार वेळा आलं नाही.

देमी आजारी होता तेव्हा तिनं त्याच्या बालपणावर ‘झाको द नांत’ केला. ऑक्टोबर १९९० मध्ये तो गेला. चित्रपटात मधे मधे कॅमेरा त्याच्या कातडीवर, पांढऱ्या केसांवर, डोळ्यांवर इतक्या जवळून फिरतो, की माणसाचा भूप्रदेश होतो. त्याचा मृत्यू एड्सनं झाला, हे तिनं १८ वर्षांनी ‘ले प्लाज दान्येस’ या आत्मचरित्रात्मक चित्रपटात उघड केलं. मधे चित्रपटाच्या शंभरीनिमित्त केलेला ‘ले साँ ए यून न्युई’ साफ पडला. तारेतारकांची गर्दी आहे, जीव नाही.

त्या अपयशातून तिला वर काढलं ते एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं. २००० सालचा ‘ले ग्लानर ए ला ग्लानझ’ हा सरवा वेचणाऱ्यांवरचा माहितीपट आहे. चित्रकार मिलेच्या प्रसिद्ध चित्रात तीन बाया वाकून शेतातली मागे राहिलेली कणसं वेचतात, तिथून ती निघते आणि आजच्या फ्रान्समध्ये वेचणारे कोण, ते शोधते. बटाट्याच्या शेतावर मापात न बसलेले, मोठे, वेडेवाकडे बटाटे ट्रकनं टाकून दिले जातात. लोक पोती घेऊन येतात. बाजार उठल्यावर जमिनीवरचा भाजीपाला तिथेच खाणारा एक माणूस भेटतो. तो जीवशास्त्र शिकलेला आहे आणि रोज संध्याकाळी स्थलांतरितांना फुकट लिहायला-वाचायला शिकवतो. शेतात उभा राहून वेचण्याचा कायदा वाचून दाखवणारा वकीलही आहे. आणि या सगळ्यांत वार्दा स्वतः: एका हातात कॅमेरा आणि त्यानं टिपलेला आपलाच दुसरा सुरकुतलेला हात. तो हात पाहून तिला धक्का बसतो आणि ती तो धक्का लपवत नाही. मोठ्या कॅमेऱ्यानं, मागे उभ्या पथकासह हे शक्य झालं नसतं. गरिबीवरचा चित्रपट गरिबांबद्दल कळवळा न दाखवता करता येतो, हे इथे सिद्ध होतं.

त्या शेतातून तिनं हृदयाच्या आकाराचे बटाटे घरी आणले आणि ते सुकेपर्यंत, कोंब फुटेपर्यंत त्यांचं चित्रीकरण करत राहिली. २००३ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात तीन पडद्यांवर हे बटाटे आणि खाली जमिनीवर ७०० किलो खरे बटाटे, अशी तिची मांडणी होती. ती स्वतः बटाट्याचा वेश करून फिरत होती. याकडे गंमत म्हणून बघणारे पुढच्या मांडणीत गंभीर झाले. नोआर्मुतिए बेटावरच्या विधवांची ही मांडणी २००६ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमध्ये लागली. मधे मोठा पडदा, त्यावर समुद्रकिनारी टेबलाभोवती फिरणाऱ्या काळ्या वस्त्रांतल्या बाया. भोवती १४ छोटे पडदे, प्रत्येकावर एक विधवा. समोर १४ खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीला हेडफोन. ज्या खुर्चीत बसाल, तिथे त्या एकाच बाईचं बोलणं ऐकू येतं. शेजारच्या माणसाला दुसरीचं. एका खुर्चीसमोर वार्दा आहे, आणि ती बोलत नाही.

नाटकाशी असलेलं तिचं नातं इथे पूर्ण होतं असं मला वाटतं. वार्दानं रीतसर नाटक बसवलं नाही. पण या दालनात प्रेक्षकानं कुठे बसायचं, काय ऐकायचं, कोणाबरोबर आणि किती एकट्यानं, हे सगळं तिनं बसवलेलं आहे. चित्रपटगृहात हे करता येत नाही. व्हिलारच्या मोकळ्या रंगमंचावर जे तरुणपणी पाहिलं, त्याचा उपयोग तिनं वयाच्या आठव्या दशकात केला. त्याच प्रदर्शनात पडलेल्या ‘ले क्रेआत्युर’च्या प्रिंट्सची फिल्म भिंतींना लावून तिनं एक झोपडी उभारली. उजेड फिल्ममधून आत येई, आणि बारकाईनं पाहिलं तर दन्यव्हचा चेहरा दिसे.

२०१७ चा ‘व्हिजाज व्हिलाज’ तिनं स्वतःपेक्षा ५५ वर्षांनी लहान असलेल्या जेआर या कलाकारासोबत केला. फोटो छापणारी व्हॅन घेऊन दोघं गावोगाव जातात, माणसांचे प्रचंड फोटो काढून त्यांच्याच भिंतींवर चिकटवतात. चित्रपट गोड आहे, क्वचित जरुरीपेक्षा गोड. पण नॉर्मंडीतला भाग विसरता येत नाही. युद्धकाळातला एक जर्मन बंकर कड्यावरून खाली किनाऱ्यावर कोसळून तिरका रुतलेला. त्यावर ते वार्दानं काढलेला गी बुर्दँ या छायाचित्रकार मित्राचा जुना फोटो चिकटवतात. काँक्रीटच्या तिरकेपणामुळे तो पाळण्यात निजल्यासारखा दिसतो. केवढे कष्ट, भरतीच्या आधी पूर्ण करायची धावपळ. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रानं सगळं धुऊन नेलेलं असतं. वार्दा हळहळत नाही. फोटो टिकतो, या समजुतीशी ती आयुष्यभर झगडत आलेली होती.

तोवर सन्मानांची रीघ लागली होती. २०१५ मध्ये कान महोत्सवाचा मानद सुवर्णपाम, जो मिळालेली ती पहिली स्त्री; २०१७ मध्ये मानद ऑस्कर, तिथेही दिग्दर्शकांत पहिली स्त्री; मग ‘व्हिजाज व्हिलाज’साठी ऑस्करचं नामांकन. दुरंगी केसांची, बुटकी, हसरी आजी सगळ्यांना आवडू लागली. सन्मान मिळतात, चित्रपटाला पैसे मिळत नाहीत, असं ती उघड सांगायची, आणि ते ऐकून लोक पुन्हा हसायचे. सुवर्णसिंह १९८५ मध्येच मिळालेल्या दिग्दर्शिकेला जगन्मान्यतेसाठी ऐंशी ओलांडेपर्यंत थांबावं लागलं, हा चित्रपटव्यवस्थेवरचा गंभीर ठपका आहे. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षक-पाहणीत ‘क्लेओ’ १४व्या क्रमांकावर आला. तेव्हा ती हयात नव्हती. २९ मार्च २०१९ रोजी, नव्वदाव्या वर्षी, पॅरिसमध्ये ती गेली. दीडच महिन्यापूर्वी बर्लिनमध्ये तिनं स्वतःच्या कामावरचा ‘वार्दा पार आन्येस’ दाखवला होता.

तिचे चित्रपट आज चांगल्या अवस्थेत उपलब्ध आहेत, कारण हक्क सिने-तामारीसकडे राहिले आणि मुलगी रोझालीनं ते डोळ्यांत तेल घालून जपले. तिच्या पिढीतल्या किती दिग्दर्शकांचे चित्रपट हक्कांच्या भानगडीत अडकून पडले, ते पाहिलं की या छोट्या कौटुंबिक दुकानाचं मोल कळतं. फोटोंचा अभ्यास मात्र आत्ता कुठे सुरू होतो आहे. व्हिलारच्या नाटकांचे, चीनचे, पॅरिसच्या रस्त्यांचे फोटो एकत्र पाहिल्याशिवाय तिच्यावरचं कोणतंही लिखाण अर्धवटच राहील, हा लेखही.

नव्यानं बघणाऱ्यानं सुरुवात ‘व्हिजाज व्हिलाज’नं करू नये, एवढं मात्र मी आग्रहानं सांगेन. त्यानं आधी ‘युलिस’ पाहावा, मग ‘दागेरेओतीप’, मग ‘क्लेओ’, आणि मन घट्ट असेल त्या दिवशी ‘सां त्वा नी ल्वा’. आजीची ओळख त्यानंतर झाली तरी चालेल.